कार्टमधला पलंग आणि सांगलीचा मिस्त्री

पत्राचा सारांश: "माझं वय २९. आम्ही दोघंही नोकरी करतो, लग्नाला दीड वर्ष झालं. आजवर फर्निश्ड फ्लॅटमध्ये राहिलो, आता वाकडला रिकामा टू बीएचके भाड्यानं घेतलाय. पलंग, गादी, कपाट, सोफा, जेवणाचं टेबल आणि घरून काम करायला टेबल-खुर्ची एवढं हवंय. हाताशी ८० हजार आहेत. ऑनलाइन सगळं ७६ हजारांत बसतंय, कार्ट भरून तयार आहे आणि सेल रविवारी संपतोय. सासरे सांगलीला असतात. त्यांच्या मते ऑनलाइन फर्निचर म्हणजे नुसता भुसा. ओळखीच्या मिस्त्रीकडून सागवानी डबलबेड आणि कपाट करून टेम्पोनं पाठवतो, ४० हजार मी घालतो, असं ते म्हणतात. पुण्यातली काही दुकानंही पाहिली, पण तिथे माणूस बघून भाव सांगतात. नवरा म्हणतो, तुम्ही दोघं मिळून ठरवा. सासऱ्यांचं ऐकलं तर घर त्यांच्या पसंतीचं होणार, नाही ऐकलं तर सून आगाऊ ठरणार. ऑनलाइन घेणं खरंच चुकीचं आहे का?"

उत्तर:

आधी तो रविवार डोक्यातून काढून टाका. फर्निचरचे सेल प्रजासत्ताक दिनाला लागतात, पाडव्याला लागतात, स्वातंत्र्यदिनाला लागतात, आणि दसरा-दिवाळीला तर लागतातच. हा चुकला तर पुढचा येईल. 'फक्त २ नग शिल्लक' आणि उलटं धावणारं घड्याळ तुम्हाला विचार करू न देण्यासाठीच असतं. अशी खोटी घाई दाखवू नये, न विचारता कार्टात काही सरकवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्येच काढली आहेत. तुमच्या ७६ हजारांत वाढीव वॉरंटी किंवा 'फर्निचर केअर' नावाचं काही आपसूक जाऊन बसलंय का, तेवढं आजच पाहून घ्या.

आता मूळ प्रश्न. तुम्ही तो 'ऑनलाइन की दुकान' असा मांडलाय, आणि सासऱ्यांनीही तसाच धरलाय. मला वाटतं, दोघांचंही तिथेच थोडं चुकतंय. वस्तू कुठून आली यापेक्षा ती कशाची केली आहे आणि पुढच्या पाच वर्षांत तिला किती वेळा उचलावं लागणार आहे, हे जास्त महत्त्वाचं आहे.

सासरे म्हणतात ते एका अर्थी खरं आहे. स्वस्त फर्निचरच्या माहितीत 'इंजिनीअर्ड वुड' असं लिहिलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड निघतो. लाकडाचा चुरा गोंदात मळून, दाबून केलेली ती फळी. पण हाच बोर्ड रस्त्यावरच्या दुकानातही विकायला असतो. तिथे तो कपाट होऊन दिमाखात उभा असतो, वर सागवानी रंगाचं सनमायका असतं आणि विकणारा 'वुडन आहे मॅडम' म्हणतो. म्हणजे दुकानातून आणलं की भुसा टळला, असं काही नाही. उलट बऱ्याच ऑनलाइन कंपन्यांना निदान 'मटेरियल' नावाची एक ओळ लिहावी लागते. ती ओळ नीट वाचायची. 'सॉलिड वुड' असेल तर पुढे झाडाचं नाव हवं: शीशम, आंबा, बाभूळ, रबरवुड, काहीही. 'शीशम फिनिश' म्हटलं असेल तर शीशमचा नुसता रंग आहे. आणि ऑनलाइन मिळणारं शीशमचं सामान बरंचसं जोधपूरकडून येतं. आजीच्या घरातल्या काळ्याभोर शिसवी पेटीचं लाकूड वेगळ्या झाडाचं, त्या अपेक्षेनं आलेला खोका उघडलात तर निराशा होईल. लाकूड चांगलंच आहे, पण ते नव्हे.

दुकानात गेलात तर विकणाऱ्याला काही विचारूच नका, कपाट उघडा. आत फळ्या वर-खाली करायला बाजूच्या भिंतीत बारीक भोकं पाडलेली असतात. त्यांतल्या एखाद्या रिकाम्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारा. कडेला दाबलेला चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. एकसारखं, पुठ्ठ्यासारखं गुळगुळीत दिसलं तर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड. मग ड्रॉवर पुरता बाहेर ओढा आणि उलटा करा. तळाची फळी खाचेत सरकवून बसवली आहे की नुसत्या पिना मारून चिकटवली आहे, ते बघा. पिनांवरचा तळ कपड्यांच्या वजनानं कधी ना कधी खाली येतो. शेवटी कपाटाची पाठ बोटानं दाबा. डबडब वाजली तर तिच्यात दम नाही. एवढं करायला पाच मिनिटं लागतात, आणि दुकानदाराचा बोलण्याचा सूर तेवढ्यातच बदलतो, हा वरचा फायदा. मॅडमना कळतं म्हटल्यावर भावही जरा जमिनीवर येतो.

पार्टिकल बोर्ड वाईटच, असं मात्र माझं म्हणणं नाही. एका कोपऱ्यात ठेवलेलं, ओल न लागणारं, हलवावं न लागणारं काही असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो. त्याचे वैरी दोन. एक पाणी: रोजच्या पोछ्याचं पाणी कडेच्या पट्टीतून आत शिरलं की बोर्ड फुगतो आणि एकदा फुगला की परत बसत नाही. दुसरा स्क्रू-ड्रायव्हर: पहिल्या जोडणीत स्क्रू घट्ट बसतो, खोलून पुन्हा बसवला की भोक सैल होतं, तिसऱ्या घरी दार लोंबायला लागतं. तुम्ही भाड्यानं राहता. करार अकरा महिन्यांचा असणार. मालकानं दुसऱ्यांदा भाडं वाढवलं की तुम्ही वाकडहून बाणेरला नाहीतर थेट खराडीला. म्हणून तुमच्या कार्टातलं तीन दारांचं 'वॉर्डरोब' मी पहिल्यांदा काढीन.

त्याच्या जागी काय? लोखंडी कपाट. ते आता कुणाच्या इन्स्टाग्रामवर दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भाडेकरूसाठी त्याच्याइतकी सोयीची वस्तू मी पाहिलेली नाही. टेम्पोत आडवं पडतं, पोचे सहन करतं, वाळवी लागत नाही, आणि विकायला काढलं की त्याच आठवड्यात गिऱ्हाईक येतं. घेताना पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे २० गेज २२ पेक्षा दणकट. हे जवळच्या दुकानातून घ्या, कारण दार अडकलं किंवा कुलूप बिघडलं तर माणूस यायला हवा.

सासऱ्यांच्या सागवानाबद्दल. चांगलं सागवान खरोखरच पिढ्या काढतं, वाद नाही. पण ४० हजारांत अस्सल सागवानी डबलबेड आणि कपाट दोन्ही होतंय असं मिस्त्री म्हणत असेल, तर त्याला प्रेमानं दोन प्रश्न विचारायला हवेत. सगळं भरीव सागवान, की चौकट सागवानाची आणि आत प्लाय? आणि लाकूड गाभ्याचं की पांढरट बाजूचं? सागवानाला वाळवी लागत नाही म्हणतात ते तपकिरी गाभ्याबद्दल; खोडाच्या कडेच्या फिक्या भागाला ते लागू नाही, आणि स्वस्तात बसवायचं म्हटलं की तो भाग पॉलिशखाली झाकला जातो. प्लाय असेल तर त्यावर आयएसआयचा शिक्का बघा: आयएस ३०३ म्हणजे नेहमीच्या वापराचा, आयएस ७१० म्हणजे पाण्याला दाद न देणारा मरीन. कोरड्या खोलीतल्या पलंगाला ३०३ पुरतो. मरीनचे पैसे स्वयंपाकघरासाठी राखून ठेवा.

पण खरी अडचण लाकडाची नाहीच. सांगलीच्या वाड्यात शोभेल असा, एकसंध ठोकलेला डबलबेड वाकडच्या लिफ्टमध्ये जात नाही. मग चौघं हमाल तो जिन्यानं चढवणार, कठड्याला घासत नेणार, आणि पुढच्या घरी पुन्हा तेच. म्हणून माझी सूचना अशी: मिस्त्रीकडून डबलबेड करून घेऊच नका. दिवाण करून घ्या. ७२ बाय ३६ इंचांचा, सागवानी, पाय बोल्टवर खोलता येणारे, खाली अंथरुणं ठेवायला कप्पा. लोड-तक्के टाकले की बैठक झाली, तुमचा सोफ्याचा खर्च निदान सध्यापुरता टळला, आणि सासू-सासरे पुण्याला आले की त्यांच्यापैकी एकाची नीट झोपायची सोय झाली. ४० हजारांपेक्षा पुष्कळ कमी लागतील. उद्या तुमचं स्वतःचं घर झालं तरी ही वस्तू टाकवणार नाही.

इथे जरा घरातल्या गोष्टीकडे वळते. 'ऐकलं तर घर त्यांच्या पसंतीचं होणार, नाही ऐकलं तर मी आगाऊ' हे वाक्य मी दोनदा वाचलं. सासऱ्यांना तुमच्या पसंतीवर ताबा हवाय, असं तुम्ही गृहीत धरलंय. असेलही. पण मुलाच्या पहिल्या स्वतंत्र संसारात आपल्या हातचं काहीतरी असावं, असं वाटणारा बापही याच भाषेत बोलतो. त्याला 'भुसा आहे तो' म्हणता येतं, 'मला काहीतरी द्यायचंय' म्हणता येत नाही. खरं काय, ते त्यांना एक ठरावीक वस्तू मागून कळेल. 'बाबा, दिवाण तुमच्याकडून. माप आम्ही पाठवतो, लाकूड तुम्ही बघा' असं म्हणून पाहा. खूश झाले तर प्रश्न मिटला. 'नाही, बेडच घ्या' म्हणून अडून बसले, तर ते ४० हजार नम्रपणे नाकारायची तयारी ठेवा. अटीसकट आलेले पैसे पुढे पडद्यांच्या रंगापर्यंत पोचतात. आणि हे बोलणं तुमच्या नवऱ्यानं करायचंय. 'तुम्ही दोघं ठरवा' हे ऐकायला समंजस वाटतं, पण त्यात वडिलांशी वाद घालायचं काम बायकोच्या गळ्यात पडतं. नवऱ्याला हे वाचायला द्या, माझी हरकत नाही.

पलंग मग ऑनलाइन घ्यायला काहीच हरकत नाही. भरीव लाकडाचा, स्टोरेज नसलेला, बोल्टनं जोडायचा क्वीन साइज बघा. हायड्रॉलिक बॉक्स-बेडचा, म्हणजे गादीखालची फळी वर उचलून आत सामान ठेवायच्या पलंगाचा मोह होतो, पण त्याची बॉक्स बहुधा बोर्डाची असते, आणि घर बदलताना सगळ्यात जास्त तीच रडवते. लाकडी पलंग आल्यावर पहिले काही महिने खाली लक्ष ठेवा. पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर कीड आत आहे. फोटो काढून लगेच तक्रार करा, घासलेट चोळत बसू नका. आणि गादी पलंगाआधी मागवू नका. गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या मिळतात, पलंग ७८ चा आणि गादी ७२ ची आली की पायाशी सहा इंचांची फट राहते. गादीसाठी अनेक ऑनलाइन कंपन्या १०० रात्री वापरून पाहायची मुभा देतात. दुकानात चपला घालून दोन मिनिटं आडवं होण्यापेक्षा ही सोय बरी, फक्त परत न्यायचा खर्च कुणाचा ते आधी वाचा.

कामाची खुर्ची मात्र बसून पाहिल्याशिवाय घेऊ नका. घरून काम करणारा तिच्यावर दिवसाचे आठ तास काढणार आहे. सोफा पुढेमागे घ्यायचा ठरलाच तर तोही बसूनच. फोमची घनता विचारा. दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असंच बोलतात, आणि बैठकीला ३२ च्या खालचा फोम लवकर खड्डा धरतो. ऑनलाइन माहितीत हा आकडा नसेल तर ग्राहकसेवेला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. आणि 'ऑनलाइन' म्हणजे हात न लावता घ्यायचं, हेही आता तितकंसं खरं नाही. बऱ्याच ऑनलाइन कंपन्यांनी पुण्या-मुंबईत स्वतःची दुकानं थाटली आहेत, आणि नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं मोठं दुकान डिसेंबर २०२० पासून आहे. तिथे बसून, हलवून बघा आणि घरी येऊन मागवा. मुंबईकडच्या वाचकांना उल्हासनगरचा फर्निचर बाजार माहीत असेलच. पुण्यात मिस्त्रीकडून काही करून घ्यायचं असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात एक चक्कर मारा. निदान लाकडाचा चालू भाव कानावर पडतो आणि मिस्त्रीशी बोलताना जीभ चाचरत नाही.

भाव माणूस बघून सांगतात, ही तुमची तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रश्नच पुरा विचारायचा: "बिलासकट, घरपोच, हमाली आणि जोडणी धरून किती?" मग तोच हिशेब ऑनलाइनला लावा, कारण तिथेही डिलिव्हरी आणि जोडणीचा आकडा शेवटच्या पानावर उगवतो. 'बिल नको असेल तर कमी करतो' असं कानाशी येऊन कुणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. जीएसटीचे १८ टक्के वाचतात खरे, पण उद्या टेबलाचा पाय मोडला तर तुम्ही त्या दुकानात कधी आलाच नव्हता. मिस्त्रीलाही ॲडव्हान्स थोडाच द्या, आणि लाकूड कोणतं, प्लाय कोणता, माप काय, तारीख कोणती, हे चार ओळींत लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहिलेलंही चालेल.

बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं. ते नावडत्या रंगाच्या बाबतीत चालेल, सदोष मालाच्या बाबतीत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन विक्रीचे नियम २०२० चे. त्यांत तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची, असं बंधन आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग; कंपनी बंगळुरूची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'वर टिचकी मारायच्या आधी एकच पाहा: रोख भरलं तर मिळणारी सूट हप्त्यांत जाते का? व्याज सवलत म्हणून परत मिळालं तरी त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. तुमच्याकडे ८० हजार आहेत, तुम्हाला हप्त्यांची गरजच नाही.

शिवाय नवंच घ्यायला हवं, असं तुम्ही का धरून चाललात? हिंजवडीतून कुणी ना कुणी दर महिन्याला बंगळुरूला नाहीतर परदेशी बदलून जात असतो, आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाअखेरीला त्यांची जेवणाची टेबलं पडेल भावात निघतात. भरीव लाकूड आणि लोखंड जुनं घ्यायला हरकत नाही. जुनी गादी, जुना सोफा मात्र फुकट मिळाला तरी नको. ढेकूण एकदा घरात आले की पेस्ट कंट्रोलवाल्याला वर्षभर चहा पाजावा लागतो.

तेव्हा कार्टात मी राहू देईन ते भरीव लाकडाचा पलंग, मग गादी, आणि कामाचं टेबल. टेबल बोर्डाचं असलं तरी चालेल, फक्त फळी तीन फुटांहून लांब असेल तर मधे आधार हवा, नाहीतर वर्षात पोट काढते. जेवणाचं टेबल जुन्यात शोधा. बाकीचं रिकाम्या घरात महिनाभर राहून ठरवा. कोणत्या भिंतीवर ऊन येतं, कुठे ओल धरते, पाहुणे नक्की किती येतात, हे राहिल्याशिवाय कळत नाही. मागवण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्या मापाचा पलंग आखून पाहा, आणि लिफ्टचं दार व बेडरूमचं दार टेपनं मोजा. माहितीतलं माप सेंटिमीटरमध्ये आहे की इंचांत, हेही बघा.

सामान येईल त्या दिवशी दोघांपैकी एकानं घरी थांबा. खोका बाहेरून फाटलेला असेल तर सही करण्याआधी डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहा, उघडताना व्हिडिओ काढा, आणि परतीची मुदत संपेपर्यंत पुठ्ठे टाकू नका. जोडणीवाला उरलेले स्क्रू आणि ती वाकडी किल्ली खिशात घालून निघतो. ते मागून घ्या, एका पिशवीत घालून पलंगाच्या आतल्या बाजूला टेपनं चिकटवून ठेवा.